मेसोपोटेमियाच्या मोहिमेतील सातारकर शिपाई

सातारा शहरापासून थोड्या अंतरावर असलेल्या अपशिंगे या गावास लोक 'मिलिटरी अपशिंगे' या नावाने ओळखतात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामास आले आणि त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने तेथे स्मृतिशिला बसविली. त्या काळी हिंदुस्थानात अशा शिला अनेक गावी बसविण्यात आल्या. त्यांवरील मजकुराचा साचा ठरलेला असे. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण वेचले, एवढेच त्यावर असावयाचे. कोण गेले, कोणत्या पलटणीत होते, कोठे पडले, याचा उल्लेख त्या साच्यात बसत नसे.

अशीच दुसरी शिला, किंबहुना शिलांची एक लांबच लांब ओळ, इराकात बसऱ्यास आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत १९१४ ते १९२१ या काळात मृत्यू पावलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा वा दहनस्थानाचा ठावठिकाणा नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे ते स्मारक १९२९ मध्ये खुले झाले. त्यावर ब्रिटिश सोजिरांची नावे आहेत, ब्रिटिश अधिकाऱ्यांची आहेत, सुभेदार व जमादार या दर्जाच्या हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हवालदार, नाईक आणि शिपाई यांची मात्र नावे नाहीत. त्यांच्या पलटणीच्या नावाखाली मृतांचा आकडा तेवढा कोरला आहे. साताऱ्याकडचा सामान्य शिपाई अशा रीतीने दोन देशांतील दोन दगडांवर आकड्याच्या रूपाने उरला.

नावे ठाऊक नव्हती म्हणून असे झाले, हे म्हणणे टिकण्यासारखे नाही. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मारकावर ४,७०० च्या आसपास नावे असून त्यांत शिपायापासून सुभेदारापर्यंत सर्व दर्जांचे लोक आहेत. युरोपच्या भूमीवर, युरोपीय प्रवाशांच्या डोळ्यांसमोर, जे शक्य झाले ते शत-अल-अरबच्या काठी आवश्यक वाटले नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर सर्व हिंदी हुतात्म्यांची नावे आहेत अशी एक समजूत रूढ आहे. वस्तुतः तेथील नावे १३,००० च्या वर थोडी आहेत आणि त्यांत वायव्य सरहद्दीवरील व १९१९ च्या अफगाण युद्धातील मृतांचा भरणा मोठा आहे. महायुद्धात मृत्यू पावलेल्या हिंदी लोकांची संख्या ७०,००० हून अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे राहिलेल्या उणिवेची कल्पना येईल.

हा प्रश्न सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाशी विशेष निगडित का आहे, हे समजण्यासाठी प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. लष्करी दप्तरात 'सातारा' म्हणून जो प्रदेश येतो तो आजचा सातारा जिल्हा नव्हे. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके त्या वेळी साताऱ्यातच मोडत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये हे तालुके, मिरज, जत इत्यादी भागांसह, 'दक्षिण सातारा' या नव्या जिल्ह्यात गेले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली असे झाले. तेव्हा १९१४ चा सातारकर शिपाई आजच्या हिशेबाने सांगलीकर असण्याचा संभव पुष्कळच आहे. त्याखेरीज औंध, फलटण, जत, मिरज, सांगली या संस्थानांची प्रजा इंग्रजी पलटणींत भरती होई ती निराळीच.

या प्रदेशाचे पश्चिमेकडील अंग सह्याद्रीच्या पावसाचे, मधले कृष्णाकाठचे, आणि पूर्वेकडील अंग पर्जन्यछायेतील. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत हा सगळा पट्टा दुष्काळाचा. एका भावाने जमीन कसावी, दुसऱ्याने मुंबईची गिरणी धरावी, आणि तिसऱ्याने पलटणीत नाव घालावे, ही या भागातील कुणबी-मराठा कुटुंबांची जुनी व्यवस्था होय. युद्धापूर्वी पायदळाच्या शिपायाचा दरमहाचा पगार ११ रुपये होता. त्यातून शिधा व कपड्यालत्त्याचा काही खर्च भागवून जे उरे ते मनिऑर्डरीने गावी येई. रक्कम लहान खरी. परंतु पाऊस पडो वा न पडो, ती येत असे, आणि शेतसारा रोखीत भरावा लागणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या नियमितपणाचे मोल फार होते. क्षात्रतेजाची भाषा भरतीच्या व्याख्यानांत पुष्कळ वापरली गेली. पण माणच्या माळावरून बेळगावच्या वा पुण्याच्या छावणीकडे जाणाऱ्या तरुणास निघावयास लावणारे कारण बहुधा घरातील कोठाराशी निगडित असे.

सरकारच्या लेखी मात्र या शिपायाची किंमत त्या काळी फारशी नव्हती. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी उत्तरेकडील जातीच खऱ्या लढवय्या, ही कल्पना लष्करात दृढ केली. दक्षिणेकडील व मुंबईकडील पलटणी त्यामुळे दुय्यम ठरल्या. १९१४ मध्ये मराठा नावाच्या सहा पलटणी होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७. यांत बहुतेक शिपाई देशावरचे व कोकणातील मराठे असून त्यांच्या जोडीला दक्षिणी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. या मुसलमान शिपायांची आठवण तर मराठा पलटणींच्या कीर्तिकथेतही क्वचितच निघते.

या सहाही पलटणी युद्धाच्या निरनिराळ्या काळी मेसोपोटेमियात लढल्या. ११७ वी तर अगदी पहिल्या तुकडीत होती. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाव येथे इंग्रजांच्या १६ व्या ब्रिगेडने पाय ठेवला, तेव्हा डॉर्सेटशायरच्या गोऱ्या पलटणीबरोबर या मराठ्यांनीही इराणी आखाताच्या चिखलात उतरून वाट काढली. पाठोपाठ ११० वी आली. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात बसरा पडले, ९ डिसेंबरला कुर्ना पडले. उद्देश तेव्हा मर्यादित होता. इराणातील तेलाच्या नळांचे रक्षण करावे आणि आखाताच्या माथ्यावर ठाणे बसवावे, एवढेच ठरले होते.

१२ ते १४ एप्रिल १९१५ या तीन दिवसांत बसऱ्याच्या पश्चिमेस शैबा येथे जी लढाई झाली ती मराठा पलटणींच्या इतिहासात महत्त्वाची आहे. तुर्कांच्या बाजूस नियमित फौज व अरब टोळ्या मिळून संख्या मोठी होती. तिसऱ्या दिवशी बर्जिसियाच्या झाडीकडे उघड्या, सपाट मैदानातून चाल करावी लागली. ऊन प्रखर, मृगजळामुळे शत्रूचे अंतर कळेना, आणि जवळचे पाणी संपलेले. डॉर्सेट व ११७ वी मराठा यांचा हल्ल्यात मोठा वाटा होता. अखेरीस संगिनी लावून खंदक घेतले गेले. पराभूत तुर्की सेनापती सुलेमान अस्करी याने पुढे स्वतःवर गोळी झाडून घेतली. मराठे डोंगरात चपळ, पण उघड्या मैदानावरील मारा त्यांस सोसणार नाही, असा जो ग्रह लष्करी वर्तुळात होता तो शैबाने बराचसा नाहीसा केला.

यशाने उद्देश फुगत गेला. जून १९१५ मध्ये अमारा आणि सप्टेंबरच्या अखेरीस कूत-अल-अमारा हाती आल्यावर बगदाद घेण्याचा मोह सरकारला आवरला नाही. जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे या डिव्हिजनने पहिली तुर्की फळी घेतली, परंतु साडेचार हजारांवर माणसे जखमी व ठार झाल्याने माघार घेण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. जखमींचे हाल कल्पनेपलीकडचे झाले. स्प्रिंगा नसलेल्या गाड्यांतून त्यांना नदीपर्यंत नेले, आणि तेथून उघड्या होडग्यांवर दाटीवाटीने घालून बसऱ्यास पाठविले. मेजर कार्टर या डॉक्टरांनी त्या होडग्यांची जी अवस्था पाहिली ती त्यांनी पुढे चौकशी आयोगासमोर सांगितली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आयोगाच्या अहवालामुळे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. मोहिमेची तयारी हिंदुस्थान सरकारने काटकसरीच्या हिशेबाने केली होती. काटकसर कोणाच्या जिवावर झाली, हे होडग्यांतील माणसांच्या यादीवरून कळते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाउनशेंड यांची फौज कूतमध्ये कोंडली गेली. हा वेढा १४७ दिवस चालला. त्यातील हिंदी शिपायांच्या वर्तनाविषयी इंग्रजी ग्रंथांतून एक गोष्ट हटकून सांगितली जाते ती घोड्याच्या मांसाची. धान्य संपत आले तेव्हा घोडे व खेचरे कापण्यात आली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी प्रथम नाकारले. त्यांना भाजीपाला मिळत नव्हता, मांस ते घेत नव्हते, त्यामुळे रक्तपितीने ते खंगत गेले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुज्ञा मागविण्यात आली, बढती रोखण्याचा धाकही घालण्यात आला. एप्रिलच्या मध्यास बहुसंख्य शिपायांनी मांस घेण्यास आरंभ केला, पण तोवर उशीर झाला होता. या नकारास हट्ट वा अज्ञान म्हणून निकालात काढणे सोपे आहे. तथापि, गावी परतल्यावर ज्याला पंगतीत बसावयाचे आहे, मुलीचे लग्न करावयाचे आहे, त्या माणसाच्या बाजूने त्याकडे पाहिल्यास निराळा अर्थ लागतो. तो जगून परत जाण्याचाच विचार करीत होता. फक्त परत कोठे जावयाचे, हे त्याच्यापुढे अधिक स्पष्ट होते.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. सुमारे १३,००० लोक कैद झाले, त्यांत हिंदी लोक बहुसंख्य होते. कूत सोडविण्यासाठी झालेल्या प्रयत्नांत आणखी सुमारे २३,००० माणसे ठार व जखमी झाली. कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूस बगदाद रेल्वेच्या कामास लावले गेले. रोगराई, उपासमार आणि मारहाण यांनी हजारो मेले. ते कोठे पुरले वा जाळले गेले याची नोंद राहण्याचे कारणच नव्हते, आणि म्हणूनच त्यांची गणती बसऱ्याच्या दगडावर झाली. या कैदेविषयी एका हिंदी माणसाने लिहिलेले तपशीलवार वर्णन बंगालीत आहे. बंगाल अँब्युलन्स कोअरमधील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचे ते पुस्तक १९५० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. सर्वाधिकारी सुशिक्षित होते, रोजनिशी ठेवू शकत होते. त्यांच्याच रांगेत चालणारा वाळव्याचा वा खटावचा शिपाई बहुधा सही ऐवजी अंगठा उठविणारा होता. युद्धकाळात सेन्सॉरने उतरून घेतलेल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचा जो मोठा संग्रह लंडनमध्ये आहे, तोही मुख्यत्वे फ्रान्सच्या आघाडीचा आणि म्हणून बहुतांशी उत्तरेकडील शिपायांचा आहे.

कूतनंतर मोहीम थांबली नाही. नव्या फौजा आल्या, त्यांत १०५, ११४ व ११६ या मराठा पलटणी होत्या. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले, आणि ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस शरकातच्या लढाईत ११४ व्या पलटणीने अनेक शौर्यपदके मिळविली. युद्ध संपेतो मेसोपोटेमियात हिंदुस्थानातून ५,८८,००० च्या आसपास माणसे पाठविली गेली होती. यांपैकी जवळजवळ निम्मी बिनलढाऊ होती. खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले, मजूर, झाडूवाले हे सारे त्यांत आले. मुंबई इलाख्याने दिलेल्या भरतीतही सुमारे ४१,००० लढाऊ आणि ३०,००० बिनलढाऊ असा वाटा पडतो. पंजाबच्या साडेतीन लाखांपुढे हा आकडा लहान दिसतो, आणि महायुद्धाचा हिंदी इतिहास पंजाबच्या अंगाने लिहिला जाण्याचे ते एक कारण आहे. परंतु इलाख्यातील भरती सर्वत्र सारखी नव्हती. ती रत्नागिरी, कुलाबा, सातारा, अहमदनगर अशा थोड्या जिल्ह्यांत एकवटलेली होती. अपशिंग्यासारख्या गावाच्या दृष्टीने पाहता पंजाबशी तुलना करण्याचे प्रयोजन राहत नाही.

भरतीच्या प्रश्नावर महाराष्ट्रातील पुढाऱ्यांच्या भूमिका परस्परांहून भिन्न होत्या. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज भरतीस मनःपूर्वक साहाय्य करीत होते. मराठ्यांचे क्षात्रत्व सरकारदरबारी मान्य व्हावे, हा त्यांचा हेतू उघड होता. लोकमान्य टिळक भरतीच्या विरुद्ध नव्हते, पण हिंदी तरुणांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला पाहिजे, अशी त्यांची अट होती. महाराष्ट्रातून ५,००० माणसे न दिल्यास जप्त करावे म्हणून त्यांनी गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा धनादेश पाठविला होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी टिळकांना मध्येच अडविले. या दोन्ही भूमिकांत शिपाई हा एका मोठ्या मागणीचा आधार होता. १९१८ हेच वर्ष अवर्षणाचे आणि इन्फ्लुएंझाचेही होते; ज्या घरांतून पुरुष बसऱ्यास गेले होते, त्या घरांवर ही दोन संकटे एकदम कोसळली. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते पुण्यास शिवस्मारकाची कोनशिला बसविण्यात आली, आणि त्याच दौऱ्यात मराठा युद्धस्मारकाचीही. ११७ व्या पलटणीस 'रॉयल' ही पदवी मिळाली, आणि १९२२ च्या पुनर्रचनेत सहाही पलटणी एका रेजिमेंटमध्ये एकत्र आल्या. मान पलटणीस मिळाला, जातीस मिळाला. माणसाच्या नावाचा प्रश्न तसाच राहिला.

महार शिपायांच्या बाबतीत विस्मृतीचा आणखी एक थर आहे. एके काळी मुंबईच्या पलटणींत त्यांचा भरणा मोठा होता. १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद करण्यात आली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर व पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. निवृत्त महार लष्करी कुटुंबांची वस्ती साताऱ्यास होती. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर तेथे राहिले, आणि त्यांचे पुत्र भीमराव यांचे नाव १९०० मध्ये साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. महायुद्धात माणसांची चणचण पडताच बंदी सैल झाली आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. ज्यांना गरजेपुरते बोलावून परत पाठविले त्यांच्या नावाने गावात शिला बसविण्याचा विचार कोणी करावा? दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंट पुन्हा स्थापन झाली, त्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता.

दुसऱ्या महायुद्धातील हकीगत येथे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या कड्यांवर तिसरी मराठा पलटण लढली. त्याच आघाडीवर सुदानी शिपाई होते, आणि दक्षिणेकडून नायजेरिया व गोल्ड कोस्टच्या ब्रिगेडी अदिस अबाबाच्या दिशेने येत होत्या. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. पहिले कुलाब्याचे, दुसरे नगरचे. पण साताऱ्यात या काळाची जी आठवण राहिली ती निराळी आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर झालेला गोळीबार, क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना, प्रतिसरकार. ही आठवण यथायोग्यच आहे. मात्र इंग्रजांचे राज्य उलथणारा तरुण व इंग्रजांच्या पलटणीत असलेला तरुण हे अनेकदा एकाच तालुक्याचे होते, आणि स्वातंत्र्योत्तर इतिहासलेखनाला पहिल्याची गोष्ट सांगताना दुसऱ्याचे काय करावे हे उमगले नाही. परक्या सरकारचा चाकर म्हणून त्याची निंदा कोणी केली नाही. तो नुसता गाळला गेला. १९६१ मध्ये देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यास निघाली तेव्हा जिल्ह्याच्या लष्करी परंपरेचा गौरव झाला, पण त्या परंपरेचा मोठा भाग ज्या मेसोपोटेमियात घडला तो प्रदेश गौरवाच्या भाषणांत क्वचितच येतो.

ही उपेक्षा एकट्या साताऱ्याच्या वाट्याची नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत इंग्रजांसाठी ओझी वाहणारे आफ्रिकी हमाल लाखांच्या घरात होते. नैरोबी, मोंबासा व दार-ए-सलाम येथे आफ्रिकी शिपायांचे व हमालांचे पुतळे उभारण्यात आले, नावे कोरण्यात आली नाहीत. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल दिला. त्यानुसार मुख्यतः हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मारक इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे, नाव कोठेच नोंदले गेले नाही. आयोगाने याबद्दल क्षमायाचना केली. पंजाबपुरते बोलावयाचे तर लाहोरच्या वस्तुसंग्रहालयातील भरतीच्या गावनिहाय नोंदी त्याच वर्षी अभ्यासकांना खुल्या होऊ लागल्या.

साताऱ्याच्या बाबतीत सामग्री अगदीच नाही असे नाही. बसऱ्याच्या दगडावर ज्यांची नावे कोरली गेली नाहीत त्यांतील पुष्कळांची नावे आयोगाच्या नोंदवह्यांत आहेत. कित्येक नोंदींत शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, वडिलांचे नाव आणि गाव इतका तपशील सापडतो. पलटणींच्या रोजनिश्या लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. अडचण आहे ती गावांच्या नावांची. इंग्रज कारकुनाने कानाला पडले तसे लिहिलेले गाव ओळखण्यास स्थानिक माहिती लागते. शिवाय एकाच नावाची गावे या दोन जिल्ह्यांत अनेक आहेत. नागठाणे हे एक साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, दुसरे सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी. नोंदीत 'नागठाणे, सातारा' असे असेल तर तेवढ्यावरून शिपाई कोणत्या गावचा ते ठरत नाही. तालुक्याचे नाव, आडनाव आणि गावातील जुन्या माणसांकडील माहिती यांचा मेळ घालूनच ते ठरवावे लागेल.